कसारा लोकल आणि शेक
(लेखमाला : बाईचं दुखणं, भाग ७)

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर शेक, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), का देतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्या शेकाने होणाऱ्या त्रासाविषयी.

बाहेरून दिला जाणारा शेक बहुधा आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे चालतो. यंत्राखाली झोपायचं ते काही मिनिटंच. खडवलीच्या बाईचा दिवस जातो तो वाटेत. कसारा लोकलने दादर, तिथून परळचं टाटा रुग्णालय, आणि तसंच परत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तर ही ओढाताण वाचते. जागा नाही मिळाली, तर कागदपत्रं जवळ ठेवून दिव्यांगांच्या डब्यात बसावं. कॅन्सरच्या रुग्णांना तिथे मुभा आहे, संकोच करू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू होतात. आतड्याचं आतलं अस्तर सतत झिजत आणि नव्याने भरत असतं, आणि भरभर वाढणाऱ्या पेशींनाच शेकाचा मार जास्त लागतो. लोकलमध्ये संडास नसतो. मग बाई साधा उपाय काढते : सकाळपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच उपायाची वाटते. शेकासोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची सलाइन चालू असेल, तर कोरड्या शरीरात त्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय शेकाच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली हवी असते, कारण भरलेली पिशवी आतड्याला वर ढकलते आणि किरणांच्या वाटेतून बाजूला ठेवते. तेव्हा पाणी प्यायचंच. तंत्रज्ञ सांगतील तेव्हा, सांगतील तितकं प्यायचं आणि परतीच्या गाडीत चढण्याआधी लघवीला जाऊन यायचं. जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावी. मऊ भात, पेज, केळं, जमलं तर ताक. ठेचा, कच्ची कोशिंबीर आणि उसळी तेवढे दिवस नकोत. दूध पचेनासं झालं तर तेही बंद. ताप आला, चक्कर आली किंवा रात्रीही जुलाब थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

आतड्याचा त्रास बायकांनी सोसायचाच असतो, असं नाही. टाटाच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या ३०० स्त्रियांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी ४२ टक्के जणींना तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला. रोज आतलं चित्र पाहून नेमका दिलेल्या शेकात हे प्रमाण २१ टक्के होतं. आपल्याला कोणत्या पद्धतीने शेक मिळणार, हे विचारायचा बाईला पूर्ण हक्क आहे.

आता जे घरात कोणी बोलत नाही ते. शेकानंतर योनीमार्ग कोरडा पडतो, आखडतो, कधी त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. मग संबंध दुखतात आणि डॉक्टरांना आतून तपासताही येत नाही. म्हणून शेक संपल्यावर काही आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हापासून, गुळगुळीत नळीसारखं डायलेटर जेल लावून आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं वापरायचं असतं. विधवा असो की साठीची, ते तिलाही लागतं. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि नवऱ्यांनी नीट ऐकावं : हा कॅन्सर संबंधातून नवऱ्याला लागत नाही, बाहेरून दिलेला शेकही तिच्या अंगात राहत नाही. तिचं अंथरूण वेगळं करू नका.

पाळी चालू असलेल्या बाईची पाळी बहुधा कायमची जाते; अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, त्यावर औषधं आहेत. एखादीचा पाय सुजतो. अशा पायाने भातलावणीच्या चिखलात अनवाणी उतरू नये, लहानशा जखमेतूनही पाय पिकू शकतो.

काही त्रास शेक संपल्यावर महिन्यांनी, वर्षांनी उगवतात. संडासवाटे रक्त पडलं की गावात मूळव्याध समजून झाडपाला सुरू होतो. रक्त अंगावर काढू नका. शेकाची फाईल घेऊन डॉक्टरकडे जा आणि आधी शेक झालाय हे स्वतःहून सांगा. कारण शेक लागलेल्या जागेचा तुकडा तपासायला काढला तर ती जखम लवकर भरत नाही, कधी तिथे आरपार भोकही पडतं.