पेटी आणि प्रत
चार खणांच्या हार्ड डिस्क पेटीची निवड आणि वापर

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हा सुरू झालेल्या परंपरेने शंभरी ओलांडून आता बराच काळ लोटला आहे. जुन्या अंकांचा कागद पिवळा पडला, ठिसूळ झाला. पान उलटताना कोपरा हातात येतो. त्यामुळे ग्रंथालये, संपादकांचे वारस आणि हौशी संग्राहक हे अंक स्कॅन करून ठेवू लागले आहेत. स्कॅनर कोणता घ्यावा, याची चर्चा पुष्कळ होते. स्कॅन केलेल्या फायली पुढची पंचवीस वर्षे कशात आणि कशा ठेवायच्या, याची मात्र फारशी होत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा म्हटले की पुस्तकांची दुकाने आठवतात. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचा परिसर याच भागात आहे. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ ही नियतकालिके याच शहराची. अशा नियतकालिकांचे जुने अंक मोठ्या संस्थांपेक्षा कितीदा तरी निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात आणि लहान वाचनालयांच्या माळ्यावर सापडतात. कोणी ते स्कॅन करायला घेतो. फायली आधी लॅपटॉपवर राहतात, मग एका छोट्या पोर्टेबल डिस्कवर जातात, मग दुसऱ्या, तिसऱ्या. वर्षभरात टेबलाच्या खणात पाच-सहा डिस्क जमतात आणि कोणत्या डिस्कवर काय आहे, ते कोणालाच आठवत नाही. अशा वेळी जाणकार सल्ला देतो, “चार हार्ड डिस्क बसतील अशी एक पेटी घ्या.” सल्ला योग्य आहे. परंतु पेटी आली म्हणजे संग्रह सुरक्षित झाला, ही त्याबरोबर येणारी समजूत चुकीची आहे.

अजिंठ्याच्या तीन नकला

याचा पुरावा आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून जवळपास दोन दशके अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगातील नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि मोजक्याच नकला वाचल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेच काम पुन्हा केले. या नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात ठेवल्या होत्या. १८८५ मध्ये तेथे आग लागून त्यांचाही मोठा भाग जळाला. पुढे जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१७-१८ मध्ये अजिंठ्यात नकला केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात असताना १९२३ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्या.

तिन्ही वेळी नकला उत्तम होत्या आणि प्रतिष्ठित जागी ठेवलेल्या होत्या. उणीव एकच होती : त्या सगळ्या एका छताखाली होत्या. ग्रिफिथ्स यांचा छापील ग्रंथ मात्र १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध होऊन अनेक ग्रंथालयांत पसरला आणि तो आजही पाहता येतो. चार डिस्कची पेटी हे असेच एक छत आहे. पेटी घेण्यापूर्वी हे लक्षात ठेवले, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

जागा किती लागते?

ए-फोर आकाराचे एक पान ४०० डीपीआय दर्जाने रंगीत स्कॅन करून आकुंचन न करता साठवले, तर सुमारे ४६ मेगाबाइट जागा लागते. अडीचशे पानांच्या एका दिवाळी अंकाला साधारण साडेअकरा गिगाबाइट लागतात आणि पाचशे अंकांचा संग्रह पावणेसहा टेराबाइटच्या घरात जातो. वाचण्यासाठीची पीडीएफ याच्या कितीतरी पट लहान असते. पण ती वाचनाची प्रत झाली. मूळ स्कॅन ठेवायचा तो पूर्ण दर्जाचाच. कारण पंधरा वर्षांनी ते पान पुन्हा स्कॅन करण्याच्या अवस्थेत असेलच असे नाही.

डिस्क घेताना आणखी एक हिशेब माहीत असावा. कंपनी टेराबाइट दशमान पद्धतीने मोजते, विंडोज द्विमान पद्धतीने. त्यामुळे आठ टेराबाइटची डिस्क संगणकावर ७.२८ इतकीच दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते.

पेटीत काय असते?

दुकानात हिला ‘एन्क्लोजर’ किंवा ‘फोर-बे’ म्हणतात. तिच्यात चार खण, एक सर्किट, एक पंखा आणि विजेचा अ‍ॅडॉप्टर असतो. डिस्क बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात. पेटी यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडली जाते. दिसायला तशीच असलेली ‘नॅस’ नावाची दुसरी वस्तू स्वतःच एक छोटा संगणक असते आणि ती नेटवर्कवर चालते. वाचनालयात एकाच वेळी अनेकांनी फायली पाहायच्या असतील तर नॅस घ्यावी. एका टेबलावर एकच माणूस काम करणार असेल, तर साधी पेटी स्वस्त पडते आणि सांभाळायलाही सोपी असते.

पेटीच्या खोक्यावर ‘रेड’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात मांडलेली ही कल्पना आहे : अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून एका मोठ्या, भरवशाच्या डिस्कचे काम घ्यायचे. तिचे प्रकार असे. आठ टेराबाइटच्या चार डिस्क ‘रेड शून्य’ने जोडल्या तर पूर्ण बत्तीस टेराबाइट मिळतात, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. ‘रेड पाच’मध्ये चोवीस टेराबाइट मिळतात आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. ‘रेड सहा’मध्ये सोळा मिळतात आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. ‘रेड दहा’मध्येही सोळाच मिळतात, त्यात डिस्कच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतली एक टिकली पाहिजे.

रेडचा उद्देश काम थांबू नये हा आहे. बँकेत किंवा रुग्णालयात एक डिस्क बिघडली म्हणून व्यवहार बंद पडून चालत नाही. रेड तिथे उपयोगी पडते. पण चुकून एखादे फोल्डर पुसले, तर ते चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर विषाणू संगणकात शिरला, तर जोडलेली संपूर्ण पेटी कुलूपबंद होऊ शकते. चोरी, आग, माळ्यावरून गळणारे पावसाचे पाणी यांपुढे रेड निरुपयोगी आहे. शिवाय पेटीतले सर्किटच जळाले, तर त्या पद्धतीने जोडलेल्या डिस्क दुसऱ्या कंपनीच्या पेटीत वाचता येतीलच याची खात्री नसते. डिस्क शाबूत असून मजकूर हाती लागत नाही, ही अवस्था फार क्लेशदायक असते.

म्हणून लहान संग्रहासाठी सर्वांत साधी पद्धत बरी. प्रत्येक खणातली डिस्क स्वतंत्र ठेवावी. खोक्यावर यासाठी ‘जेबॉड’ किंवा ‘सिंगल’ असे शब्द असतात. काही पेट्यांत ‘जेबॉड’ म्हणजे सर्व डिस्क सलग जोडून एकच मोठी डिस्क दाखवणे, असाही अर्थ घेतला जातो. तसे नाही ना, हे विचारून घ्यावे. विश्वास टाकण्याआधी एक चाचणी जरूर करावी. पेटीत डिस्क भरून चार फायली लिहाव्यात, मग ती डिस्क बाहेर काढून साध्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी. फायली दिसल्या, तर ती पेटी आपल्या कामाची.

निवडताना

वेग : साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट वेगाने लिहिते. यूएसबीची पाच गिगाबिटची जोडणी प्रत्यक्षात सेकंदाला चारशेच्या आसपास मेगाबाइट वाहून नेते. एका वेळी एकाच डिस्कवर काम असेल तर ती पुरते; चारही एकदम चालवायच्या असतील तर दहा गिगाबिटची घ्यावी. केबलचे टोक लंबगोल ‘सी’ प्रकारचे आहे म्हणून वेग जास्त असेलच असे नाही. आकार आणि वेग या वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकावरचे जुने ‘यूएसबी दोन’चे छिद्र वापरले, तर आठ टेराबाइटची नक्कल करायला दोन दिवसांहून अधिक लागतील. तेच काम वेगवान छिद्रातून साधारण अर्ध्या दिवसात होते.

वीज : साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना क्षणभर वीस-पंचवीस वॅट ओढते, नंतर सहा-आठ वॅटवर स्थिरावते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की मागणी शंभर वॅटच्या जवळ जाते. म्हणून अ‍ॅडॉप्टर त्या ताकदीचा असावा, किंवा पेटी एकामागून एक डिस्क सुरू करणारी असावी. पेटीला छोटा यूपीएस अवश्य लावावा. नक्कल चालू असताना वीज गेली, तर एका फायलीवर न थांबता डिस्कची संपूर्ण अनुक्रमणिका बिघडू शकते.

उष्णता : आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बहुतेक डिस्कची मर्यादा साठ अंश असते, पण बंद खोलीत चार डिस्क एकमेकींना तापवतात. धातूचे अंग आणि मोठा, संथ फिरणारा पंखा असलेली पेटी घ्यावी. जाळी साफ करता येते का, ते पाहावे. मराठवाड्याची धूळ तिथेच साचते. पेटी बंद कपाटात ठेवू नये.

डिस्क : पेटीइतकाच विचार डिस्कचा करावा. काही डिस्कमध्ये नोंदीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यांना ‘एसएमआर’ म्हणतात. एकदा लिहून ठेवायला त्या चालतात. सतत बदल करताना किंवा रेडमध्ये पुनर्बांधणी करताना फार मंदावतात. पर्याय असेल तर ‘सीएमआर’ घ्यावी. सर्व डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेऊ नयेत. एकाच घाण्यातून निघालेल्या डिस्कमध्ये दोष असला, तर तो सर्वांत एकदम प्रकटू शकतो.

वापरताना

चार खणांपैकी पहिल्यात मूळ संग्रह ठेवावा, दुसऱ्यात त्याची नक्कल. तिसरा खण फिरत्या डिस्कसाठी राखावा : महिन्यातून एकदा तिच्यावर नक्कल करायची, ती बाहेर काढायची आणि दुसऱ्या घरी ठेवायची. संग्रह औरंगपुऱ्यात असेल तर ही डिस्क सिडकोत राहावी. पुण्यात नातेवाईक असतील तर आणखी एक तिकडे जावी. चौथा खण वाढीसाठी मोकळा ठेवावा. झटकन बाहेर येणारा खण हा अशा पेटीचा सर्वांत मोठा फायदा आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियमही हेच सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. काम संपले की पेटी संगणकापासून सुटी करावी आणि बंद ठेवावी. विषाणू सुट्या पेटीत शिरू शकत नाही.

तरीही एक धोका उरतो, तो चुकीच्या नकलेचा. डिस्कवरचा एखादा अंश नकळत बदलतो, फाइल दिसते पण उघडत नाही. आणि आपण इमानाने त्या बिघडलेल्या फायलीच्याच नकला करत राहतो. हा प्रश्न मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलाकारांच्या हातून अपपाठ शिरत गेले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती अनेक होत्या म्हणूनच त्या ताडता आल्या.

संगणकात हे काम ‘चेकसम’ करते. प्रत्येक फायलीचे गणिती पद्धतीने एक बोटाचा ठसा असावा तसे चिन्ह काढले जाते. ‘शा-२५६’ पद्धतीत ते चौसष्ट अक्षरांचे असते आणि फायलीत एका बिंदूचा फरक पडला तरी पूर्ण बदलते. स्कॅन झाल्याबरोबर सर्व फायलींचे ठसे काढून त्यांची यादी प्रत्येक डिस्कवर ठेवावी आणि वर्षातून दोनदा पडताळावी. यासाठीच्या मोफत प्रणाली उपलब्ध आहेत. ज्या फायलीचा ठसा जुळत नाही, ती दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा आणावी.

डिस्क जाण्यापूर्वी सूचना देईल, या भरवशावर राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी त्यांच्या अंतर्गत नोंदींतील चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. म्हणून पाच वर्षे झाली की डिस्क चालू असतानाच बदलावी. जुनी डिस्क जादा प्रत म्हणून कपाटात राहू द्यावी. प्रत्येक डिस्कवर खरेदीची तारीख आणि आतील मजकूर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. हीच माहिती एका साध्या वहीतही लिहावी आणि ती वही कुठे आहे, हे घरातल्या किंवा वाचनालयातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवावे. संग्राहक गेल्यावर संग्रह नाहीसा होतो, तो पुष्कळदा डिस्क बिघडल्यामुळे नव्हे, तर तिच्यात काय आहे हे घरच्यांना ठाऊक नसल्यामुळे.

मराठवाड्यातील कितीतरी नियतकालिकांचे पूर्ण संच आज एक-दोन ठिकाणीच असतील. त्यांचे स्कॅन करणाऱ्याने पैसे मर्यादित असतील तर महागड्या पेटीऐवजी साधी पेटी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतून एक डिस्क जास्त घ्यावी. ती डिस्क मात्र घराबाहेर, दुसऱ्या विश्वासू माणसाकडे असली पाहिजे.