गाडी ६० ला गेली की हँडल थरथरतं? मोबाईलने असं शोधा (आणि मी केलेली चूक करू नका)

माझा चुलतभाऊ रोज मंगरूळपीरहून कारंजाला जातो-येतो. गाडी १२५ सीसी, एका सिलिंडरची, स्पोकच्या चाकांची. ५५ पर्यंत सगळं ठीक, पण काटा ६० वर आला की हँडल, फूटरेस्ट, टाकी सगळंच झिणझिणायला लागायचं. तासाभरात बोटं बधिर. चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलून झाला होता, त्यात सतराशे रुपये गेले आणि थरथर तशीच. दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस ना, सांग मग."

मी सॉफ्टवेअरवाला, गाडीतलं मला फार कळत नाही. पण एक गोष्ट माहीत होती. गाडीत जे जे फिरतं, ते ठरावीक वेगाने फिरतं. चाक सेकंदाला जितके फेरे घेतं, त्याच ठेक्यावर चाकाचा दोष हादरे देतो, इंजिनाचं इंजिनाच्या ठेक्यावर. म्हणजे हादरे सेकंदाला किती येतात हे मोजता आलं, तर दोषी कोण ते कळतं. आणि मोजायचं यंत्र तुमच्या खिशातच आहे.

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते काम अॅक्सिलरोमीटर करतो. एका चिपमध्ये सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर लटकवलेला असतो. फोन हलला की तुकडा किंचित मागे राहतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधलं विद्युत मोजमाप बदलतं. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम दाखवणारा प्रयोग आहे. सेकंदाला किती हादरे, म्हणजे किती हर्ट्झ, ते आडवं आणि त्यांचा जोर उभा, असा आलेख मिळतो. जिथे उंच शिखर, तिथे गुन्हेगार.

आधी कागदावर हिशेब केला, तो तुम्हीही करू शकता. मागच्या टायरवर ८०/१००-१८ लिहिलं होतं. त्यावरून टायरचा व्यास साधारण ६१७ मिलिमीटर आणि परीघ १.९४ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार केला की चाकाचे सेकंदाला ८.६ फेरे, म्हणजे ८.६ हर्ट्झ. इंजिनासाठी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडायचं, त्यात गिअरची गुणोत्तरं छापलेली असतात. प्रायमरी, टॉप गिअर आणि फायनल या तिन्हींचा गुणाकार आमच्या गाडीत ९.७ आला. चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे ९.७ फेरे. म्हणजे ६० च्या वेगाला इंजिन ८३ हर्ट्झवर, सुमारे ५००० आरपीएमवर. गाडीला आरपीएमचा काटा नसला तरी अडत नाही.

घरातला एक जुना, स्क्रीन तडकलेला फोन घेतला, सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी टाकीवर घट्ट बांधला. सीटवर बांधू नका, फोम बारीक थरथर गिळून टाकतो. अॅपमध्ये वेळ लावून मोजणी आपोआप सुरू आणि बंद करता येते, ती लावली. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणजे नाही. रस्ता मात्र साधाच. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी, त्यामुळे गुळगुळीत काँक्रीटचं स्वप्न सोडून दिलं.

परत येऊन पाहिलं तर शिखर १७ हर्ट्झला. मी खूश! चाक ८.६ वर, त्याची दुप्पट १७.२. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे रिम लंबगोल झाली आहे. भावाला ऐटीत सांगितलं, "रिमचा आउट काढून घे." त्याने काढला, पैसे दिले. गाडी ६० ला गेली आणि हँडल पूर्वीसारखंच झिणझिणलं. भाऊ काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

चूक गाडीची नव्हती, फोनचीही नव्हती. जुन्या सिनेमात पळत्या टांग्याचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं, आठवतंय? कॅमेरा सेकंदाला मोजकेच फोटो काढतो, त्यामुळे भराभर फिरणारं चाक त्याला चुकीचं दिसतं. फोनचा सेन्सरही असाच मोजकेच नमुने घेतो. तो जुना फोन सेकंदाला १०० नमुने घेत होता. नियम असा, की जितके नमुने घ्याल त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. त्याच्या वरचं गायब होत नाही, खोट्या नावाने खाली उगवतं. ८३ मधून १०० गेले की फरक उरतो १७. म्हणजे इंजिन चाकाचा मुखवटा घालून बसलं होतं. नेमक्या चाकाच्या दुपटीवर येऊन बसणं हा योगायोग, पण पैसे खरेच गेले.

हे पकडायची सोपी युक्ती आहे. वेग थोडा बदला. ६३ ला चाकाची दुप्पट १८ व्हायला हवी, थोडी पुढे. मी पुन्हा मोजलं तर शिखर साडेबारावर, मागे सरकलेलं. वेग वाढवला आणि हादरे कमी झाले, असं खरोखर फिरणाऱ्या कुठल्याच भागाचं होत नाही. हे दिसलं की समजायचं, आकडा खोटा आहे.

तुमचा फोन किती नमुने घेतो ते आधी बघा. अॅपमधून दहा सेकंदांची कच्ची नोंद एक्सेलमध्ये काढा, ओळी मोजा, दहाने भागा. अँड्रॉइड १२ पासून अॅपने वेगळी परवानगी घेतलेली नसेल तर मर्यादा २०० ची आहे. म्हणजे १०० हर्ट्झपर्यंत दिसतं, आमच्या ८३ ला तेवढं पुरलं. दुसऱ्या फोनवर शिखर बरोब्बर तिथे उभं होतं.

मग गावातल्या मिस्त्रींकडे गेलो, आलेख दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, साठवर क्लच दाबून पाह्यला का?"

नव्हता पाहिला. रिकाम्या सरळ रस्त्यावर ६० ला क्लच दाबून अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन मंद होतं, चाकं त्याच वेगात फिरत राहतात. थरथर लगेच गेली तर दोष इंजिनाच्या बाजूचा. राहिली तर चाक, टायर किंवा बेअरिंग बघायचं. दहा सेकंदांची परीक्षा, अॅप नको. मी हीच आधी करायला हवी होती.

मिस्त्रींनी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चॅसीला धरून ठेवणारे बोल्ट, एकेक तपासले. पुढच्या बाजूचा नट हाताने फिरत होता. आधी कधीतरी इंजिन उतरवलं होतं, तेव्हा तो नीट कसला गेला नसावा. तसंच चालवत राहिलं असतं तर बोल्टचं भोक मोठं होतं, इंजिन धरणाऱ्या पट्टीला चीर जाते, मग वेल्डिंग. नट नवा टाकला, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने कसला. अंदाजाने जोर लावून कसू नका, आटे जातात.

पुन्हा मोजलं. ८३ चं शिखर तिथेच, पण उंची एक तृतीयांशाहून कमी. पूर्ण जाणार नाहीच. एकटा पिस्टन वर-खाली आपटत असतो, त्याचा धक्का एका सिलिंडरच्या इंजिनात पूर्ण मारता येत नाही. तो कमी करायला उलटं फिरणारं वजन, बॅलन्सर शाफ्ट, टाकतात. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५० मध्ये तो नव्हता, २०२१ च्या नव्या इंजिनात आहे. दोन्ही चालवलेल्या माणसाला फरक विचारा.

आता फोनचं. भाऊ मॅपसाठी आपला रोजचा फोन हँडलच्या होल्डरमध्ये लावायचा आणि हल्ली त्याच्या कॅमेऱ्यात चित्र जेलीसारखं हलत होतं. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून बऱ्याच फोनमध्ये ओआयएस असतं, त्यात लेन्स चुंबकांच्या साहाय्याने अधांतरी हलती ठेवलेली असते. सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने स्वतःच सांगितलं, की जास्त ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांचे हादरे हँडलवरून दीर्घकाळ बसले तर आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. स्कूटर-मोपेडसाठीही हादरे शोषणारा होल्डर वापरा असा सल्ला होता. म्हणून मोजणीला ओआयएस नसलेला जुना फोनच घ्या.

भावाच्या कॅमेऱ्याचं काही झालं नाही, तो तसाच हलतो. फोन आता खिशात असतो आणि रस्ता तो कानातल्या एका इअरबडवर ऐकतो. तेही बंद कर म्हणून माझं त्याच्याशी भांडण चालू आहे.