घरचे अन्न आणि कोपऱ्यावरचे हॉटेल

बेळगावच्या वडगाव भागात दिवस उजाडतो तो मागाच्या खटखटाटाने. शहापूर, वडगाव, खासबाग हा सारा टापू विणकरांचा. हातमाग मागे पडून यंत्रमाग आले, तरी अनेक घरांचा दिवस अजून मागाभोवतीच फिरतो. पुरुष माग चालवतो, स्त्री कांड्या भरते, आणि तेवढ्यातच तिला स्वयंपाकही उरकावा लागतो. अशा घरी दुपारी कोपऱ्यावरून भजी किंवा वडापाव येतो, तो जिभेच्या चोचल्यांपायी नव्हे. हाताला सवड नसते म्हणून. बाहेरचे खाऊ नका, असा उपदेश करणारे ही गोष्ट सहसा विसरतात आणि सारा दोष गृहिणीच्या पदरी टाकून मोकळे होतात.

मंगाईच्या जत्रेत चार भजी खाल्ल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या खाण्याने. कढईतील तेच तेल पुनःपुन्हा तापले की त्याचे विघटन होते आणि शरीरास अपायकारक अशी द्रव्ये त्यात साठत जातात. अशा द्रव्यांचे प्रमाण शेकडा २५ हून अधिक झाले की ते तेल वापरू नये, असा नियम भारतात २०१८ सालापासून आहे. पण गिऱ्हाइकाला प्रमाण कसे कळावे? तेल काळपट व दाट झाले असेल, त्यावर फेस येत असेल, ते लवकर धुरावत असेल, तर पाऊल मागे घ्यावे, एवढेच त्याच्या हाती असते. मिठाचीही तीच कथा. प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा लहान चमचाभरही नाही, इतके मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी मिठाचा हात आवरता येतो. फरसाणात ते आधीच पडलेले असते.

मग सवड नसलेल्या घराने काय करावे? याचे उत्तर या मुलखातील जुन्या बायकांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते कढत पाण्याने मळतात, त्याने पिठातील पिष्ट फुगून गोळा जुळतो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी मात्र थापताना चिरते, तेव्हा दळण थोडे आणि ताजे हवे. हीच भाकरी पातळ थापून मंद आचेवर कडक वाळवली, तर तिच्यात ओलावा उरत नाही व ती कोरड्या डब्यात पुष्कळ दिवस टिकते. एका सुटीच्या दिवशी भाजलेली कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाडगाभर दही आणि एक कांदा: हे जेवण ताटात येण्यास भजी आणण्याइतकाही वेळ लागत नाही.

भाकरीला डाळीची किंवा उसळीची जोड मात्र हवी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, मसुरात तो भरपूर. उलट मसुरात जे उणे असते ते धान्य भरून काढते. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. त्याला मोड आणले की कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते, आणि लोह अंगी लागण्यास अडथळा करणारा अंश घटतो. शिजताना यातील काही जीवनसत्त्व नष्ट होते खरे. वरून लिंबू पिळावे. सकाळी पोरांना चहा-बिस्किटांऐवजी ताक घातलेली नाचणीची आंबील द्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा मागमूसच म्हणावा.

आता हे करायचे कोणी? मसूर भिजत घालणे, गिरणीतून दळण आणणे, मेथी-शेपूची जुडी निवडणे, यांतील एकाही कामाला स्त्रीचाच हात लागतो असे नाही. रात्री माग थांबला म्हणजे घरच्या पुरुषाने वाटीभर मसूर पाण्यात टाकावा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड दिसू लागतात. आषाढातल्या गारठ्यात त्यांना आणखी एखादा दिवस लागतो.