टारफुल्याला आवतण कोण धाडतं?

ज्वारीच्या रानात टारफुल्याची पांढरी फुलं दिसू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी कित्येक दिवस तो जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं अन्नपाणी ओढत असतो. त्याचं बी धुळीसारखं बारीक, शिदोरी नावापुरती. म्हणून ते मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि जवळ मूळ आल्याची रासायनिक खूण मिळाली तरच रुजतं.

ती खूण म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन गटातली रसायनं. त्यांतलं पहिलं, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये सापडलं ते कापसाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवात. गंमत म्हणजे कापसावर टारफुला जगतच नाही! त्याचं बी तिथे फसून रुजतं आणि उपाशी मरतं; कापूस टारफुल्यासाठी सापळा पीक ठरतो तो यामुळेच.

पण वैऱ्याला जागं करणारं रसायन झाडानं सोडावंच कशाला? जवळपास चाळीस वर्षं हे कोडं सुटलं नव्हतं. २००५ मध्ये कोहकी अकियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे आवतण टारफुल्याला नव्हतंच. ते होतं मायकोरायझा बुरशीला. या रसायनाचा अत्यल्प अंश लागला तरी बुरशीच्या तंतूंना भराभर फाटे फुटतात. ते मुळात शिरतात आणि पेशींच्या आत झुडपासारखे पसरतात. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही. मुळाभोवतालचं संपलं की संपलं. बुरशीचे तंतू मात्र मुळांच्या आवाक्यापलीकडून ते आणून देतात आणि मोबदल्यात साखर व स्निग्धाम्लं घेतात.

स्फुरदाची चणचण भासली, की बहुतेक पिकांची मुळं हे रसायन जास्त सोडतात. कस गेलेल्या जमिनीत टारफुला माजतो, त्यामागचं हे एक कारण. आगंतुक असला तरी त्याच्या हुशारीला दाद द्यावीच लागते: पिकाला गरज असते नेमकी तेव्हाच तो हजर!

मग पिकानं बोलावणंच बंद करावं का? तसं केलं तर बुरशीही दुरावेल. ज्वारीच्या काही वाणांनी मधली वाट काढली आहे. त्यांच्यात एका जनुकाचं काम बंद पडल्यामुळे मुळं नेहमीच्या रेणूऐवजी ओरोबँकॉल हा त्याचा भाऊबंद सोडतात. बुरशीला तो ओळखीचा वाटतो, टारफुल्याचं बी मात्र त्याला फारशी दाद देत नाही. हे जनुक २०१७ मध्ये उजेडात आलं. टारफुल्याला तोंड देणारी ज्वारी घडवल्याबद्दल गेबिसा इजेटा यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो त्याच्या आठ वर्षं आधी.