डोपामिन एकटं काम करत नाही

रील बघितली की डोपामिन, चॉकलेट खाल्लं की डोपामिन! हा शब्द आता कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येतो. ग्लुटामेटचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. वास्तविक, मेंदूतल्या पेशींना चेतवणारे बहुतेक संदेश ग्लुटामेटच नेतं. कंपवात असो की स्किझोफ्रेनिया, या दोन रसायनांचं नातं कळल्याशिवाय आजार नीट उमगत नाही.

गैरसमज : डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन.

वस्तुस्थिती : त्याचं महत्त्व आधी कळलं ते हालचालींमुळे, आणि त्या कथेत मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. १९५२ मध्ये या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. पुढे १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे निपचित पडले, कान लोंबू लागले. मग त्यांना लेवोडोपा टोचलं आणि थोड्याच वेळात कान ताठ झाले, ससे हिंडू लागले. रेसरपीनने डोपामिनचा साठा रिता झाला होता; लेवोडोपाने तो पुन्हा भरला. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. त्यावर लेवोडोपा हेच आजही मुख्य औषध आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आनंदाशीही डोपामिनचा संबंध आहे, पण तो सुख उपभोगण्यापेक्षा त्याची ओढ लागण्याशी आणि अनुभवातून शिकण्याशी अधिक आहे.

गैरसमज : दोन्ही रसायनं आपापल्या वाटेने जातात.

वस्तुस्थिती : मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी मध्यमेंदूतल्या डोपामिनच्या पेशी अवघ्या काही लाख. तरी त्यांचा वचक मोठा. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. तिथल्या पेशींवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात. त्यांच्या टोकावर मेंदूच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे बाह्यकातून, आलेलं ग्लुटामेट उतरतं आणि कित्येकदा त्याच काट्याच्या मानेशी डोपामिन पोचतं. ग्लुटामेट निरोप आणतं. तो ठळक करायचा की दबवायचा, हे डोपामिन ठरवतं. पेशीवर रसायनाचा संदेश टिपणाऱ्या रेणूला रिसेप्टर म्हणतात. डी-वन रिसेप्टर असलेल्या पेशी डोपामिनने अधिक सज्ज होतात, डी-टू असलेल्या शांत होतात.

हे नातं बिघडलं की काय होतं, ते कंपवाताच्या रुग्णाच्या घरात दिसतं. लेवोडोपाची गोळी घेतल्यावर तासाभरात हात मोकळा होतो, शर्टाचं बटण लावता येतं. काही वर्षांनी मात्र गोळीचा असर भरात असतानाच मान आणि खांदे आपोआप वळवळू लागतात. या हालचाली कमी करायला अमांटाडिन देतात. ते मूळचं फ्लूवरचं औषध. फ्लूसाठी ते घेणाऱ्या एका महिलेचा कंपवात हलका झाल्याचं आढळलं, आणि १९६९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी त्याविषयी लिहिलं. अमांटाडिन ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरना अडवतं.

गैरसमज : स्किझोफ्रेनिया म्हणजे डोपामिन वाढणं, एवढंच.

वस्तुस्थिती : डी-टू रिसेप्टर अडवणाऱ्या औषधांनी भास आणि भ्रम पुष्कळांचे ओसरतात. पण गप्प राहणं, कशातच रस नसणं, लक्ष न लागणं यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. इथे ग्लुटामेटचा धागा सापडला. केटामिन एनएमडीए रिसेप्टर अडवतं, आणि निरोगी स्वयंसेवकांना त्याची लहान मात्रा दिली तरी काही वेळ भ्रम होतात, शिवाय ते अलिप्तही होतात. २००७ मध्ये तर असा आजार ओळखला गेला, ज्यात शरीराचीच प्रतिपिंडं या रिसेप्टरवर हल्ला करतात. रुग्णाला वेड लागलं असं वाटतं, पण वेळीच उपचार मिळाले तर बहुतेक जण सुधारतात. एका मतानुसार, आवर घालणाऱ्या पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर मंदावले की लगाम सुटतो आणि पुढे डोपामिनही उसळतं.

गैरसमज : ही रसायनं खाऊन भरून काढता येतात.

वस्तुस्थिती : रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट तटबंदी असते. डोपामिन ती ओलांडत नाही, म्हणून तर ती ओलांडून आत डोपामिन बनणारं लेवोडोपा द्यावं लागतं. अजिनोमोटोतलं ग्लुटामेटही तिथेच अडतं. मेंदू आपलं ग्लुटामेट स्वतः बनवतो. खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपा खरंच असतं. पण बीगणिक त्याचं प्रमाण बदलतं. कंपवाताची गोळी चालू असताना वरून हे चूर्ण घेतलं तर एकूण मात्रा किती झाली, याचा अंदाज डॉक्टरांनाही लागत नाही. म्हणून असं चूर्ण घरात असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटासोबत ती पुडीही न्यावी.