पाहुण्याची सेवा आणि मोझरीची शिकवण

कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर पंधरवडाभर राहून समुद्रकासवांची सेवा करावी, अशी इच्छा वऱ्हाडातील एखाद्या विद्यार्थ्याने बोलून दाखविली, तर घरची मंडळी प्रथम खर्च विचारतील. तो प्रश्न रास्तच आहे. अशा प्रकल्पांत स्वयंसेवकाला वेतन नसते. प्रवासखर्च आणि बहुधा निवास-भोजनाचे शुल्कही त्यालाच भरावे लागते. परंतु त्याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने केलेली सेवा टिकते कोणाच्या बळावर?

त्या कार्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांच्या प्रेरणेने १९५९ साली कोस्टारिकातील तोर्तुगेरोच्या कासवांसाठी एक संस्था उभी राहिली. रात्रभर वाळूतून गस्त घालणे, मादीच्या पाठीचे माप घेणे, अंडी मोजून सुरक्षित जागी हलविणे ही सारी कामे कष्टाची असून त्यांत बाहेरून आलेले हात निश्चितच उपयोगी पडतात. पण त्याच देशातील मोईनच्या किनाऱ्यावर ३१ मे २०१३ रोजी गस्त घालताना हायरो मोरा या सव्वीस वर्षांच्या तरुणाची हत्या झाली. त्याच्यासोबतच्या परदेशी स्वयंसेविका बचावल्या. मोरा त्याच देशाचा पुत्र होता. संकटाचा खरा भार अखेर स्थानिक माणसाच्याच माथी येतो, हे त्या घटनेने जगाला दाखविले.

कासवाची जीवनरीतीही हेच सांगते. अंड्यातून निघालेल्या हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असा अंदाज आहे. वयात यायला त्याला बरीच वर्षे लागतात आणि मग मादी अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मकिनाऱ्याच्या आसपास परतते. ती परतेल तेव्हा पंधरवड्याचा स्वयंसेवक तेथे नसणार. तेथे असेल तो गावकरी. त्याचे मन वळले नसेल, तर आधीचा सारा खटाटोप व्यर्थ होय.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. तोवर घरट्यांतील अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री व कोल्हे खात. संस्थेने रागावण्यापेक्षा समजावण्याचा मार्ग धरला. कुंपणाच्या आत तितक्याच खोलीचे खड्डे करून अंडी त्यांत जपली जाऊ लागली आणि पन्नासेक दिवसांनी निघणारी पिल्ले समुद्रात सोडली जाऊ लागली. ही राखण गावचीच माणसे करू लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांना गावकऱ्यांनी आपल्या घरी उतरविले व जेवू घातले. जिवंत पिल्लातच गावाचे हित आहे, हे गावाला पटले. कायदा तर १९७२ पासून होता. जे त्याला एकट्याने साधले नव्हते, ते या आपलेपणाने साधले.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाला हे तत्त्व नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. ग्रामसफाई, श्रमदान आणि सामुदायिक प्रार्थना यांतून त्यांनी सेवा ही रोजची सवय करून दाखविली. गाव सुधारायचे तर ते गावानेच, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. १९५५ साली ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. परदेश त्यांना वर्ज्य नव्हता. पण परतल्यावरही त्यांच्या कार्याचे केंद्र मोझरीच राहिले.

म्हणून ज्याला साधेल त्या तरुणाने परदेशी अवश्य जावे. मात्र उद्धारक म्हणून नव्हे, शिकाऊ म्हणून. मोजमाप कसे घ्यावे, नोंदी कशा ठेवाव्यात, गावकऱ्यांचा विश्वास कसा मिळवावा, हे तेथे शिकता येते. ज्याला तेवढा खर्च परवडत नाही त्याने खंत करू नये. वेळासचा किनारा आपलाच आहे, मेळघाटचे अरण्य त्याहून जवळ आहे आणि गावचा गाळाने भरलेला नाला तर घरापाशीच आहे. पिल्लू समुद्रात सोडतानाचे छायाचित्र क्षणात निघते. पण ते पिल्लू मोठे होऊन परतेपर्यंत किनारा सांभाळणारे गाव घडवायला वर्षे लागतात, आणि सेवेची खरी परीक्षा त्या वर्षांतच होते.