पासबुकामागचा कायदा

सरकारचे धोरण, रिझर्व्ह बँक, पैशाचा बाजार असे शब्द दिसले की आपली माणसे पान उलटतात. हा शेठजींचा विषय, असे त्यांना वाटते. आम्ही म्हणतो, हा हातावर पोट असणाऱ्यांचाच विषय आहे. ज्याची बचत थोडी, त्याची ती बुडाली तर सावरायला दुसरे काही नसते.

वसई तालुक्यातील सांडोरच्या परिसराकडे पाहा. सावकाराच्या दारी जाणे टळावे म्हणून सहकार आला. त्याला वाट करून दिली १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी. पापडीत मुख्य कार्यालय असलेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेचा उगम १९१८ चा. म्हणजे सरकारने कायदा केला, तेव्हा गावाला आपली पेढी उभारता आली.

पण पेढी बुडाली तर? १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळल्या. त्यानंतर १९६१ मध्ये ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. सहकारी बँका त्यात पुढे आल्या. १९९३ मध्ये विम्याची मर्यादा एक लाख झाली आणि महागाई वाढत असताना पुढची सव्वीस वर्षे तिथेच राहिली.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. बँकेचे बहुतेक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते. खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती! पेन्शन, मुलीचे लग्न, दवाखाना, सारे अडले. लोक रस्त्यावर आले. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना मात्र उरलेल्या पैशासाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून मिळाले.

म्हणून भगिनींनो, बंधूंनो, एवढे ध्यानात ठेवा. पाच लाखांची ही मर्यादा एका माणसाला एका बँकेसाठी आहे. त्यात व्याजही धरतात आणि सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजतात. पतसंस्थेतील ठेवीला आणि भिशीला हा विमा नाही. जास्त व्याजाचे आमिष दिसले की आधी विम्याचे विचारा. पोस्टातील बचतीमागे केंद्र सरकार उभे असते.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी, हा त्यांचा आग्रह होता. चलनाचा प्रश्न त्यांनी तज्ज्ञांवर सोडून दिला नाही. आपणही सोडू नये. येत्या रविवारी घरातील सर्व पासबुके एकत्र काढा, कुठे किती ठेव आहे ते वहीत लिहा आणि घरातल्या बायकांना व मोठ्या मुलांना ते समजावून सांगा.